पांघरूण ओढावंसं वाटलं की

मी मूळचा इथलाच, आर्वीपासून सात कोसांवरचा,
पण माझे हात तिकडचे.
बावीस वर्षं किन्नौरच्या एका शाळेत भूगोल शिकवला
आणि रविवारी घरमालकीण डोलमा नेगीच्या वाफ्यात
वाटाणे लावायला शिकलो.
तिथे ऊन म्हणजे पाहुणा,
येईल तितकं बसवून घ्यायचं.
दक्षिणेच्या दगडी भिंतीशी रोपं टेकवायची,
भिंत दिवसभर तापते, रात्री हळूहळू परत करते,
शेजारणीची वाटीभर साखर परत करावी तशी.
पानावर सावली आली की डोलमा ती फांदीच छाटायची.

निवृत्त होऊन टेंभरीला आलो तो चैत्र सरताना.
ट्रंकेत पुस्तकं कमी, पुड्या जास्त:
वाटाणा, मुळा, ओगला,
प्रत्येकीवर तिच्या तिरप्या अक्षरात नाव.
गोठ्याची दक्षिणेकडची भिंत रिकामी दिसली,
मला वाटलं, माझीच वाट पाहत होती.

कुदळ मारली तर खण्णकन वाजली.
भेगेत शाळेची फूटपट्टी सोडून पाहिली,
बुडाली.
तरी पेरलं. पाणी दिलं सकाळी, पुन्हा दुपारी दोनला
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
अकरा कोंब आले. मी मोजले होते.
मंगळवारी जेवून बाहेर आलो
तर अकराही जळक्या सुतळीचे तुकडे.

पंचफुलाबाई मेश्राम कुंपणापलीकडून
तीन दिवस गप्प पाहत होती.
चौथ्या दिवशी राहवलं नाही तिला:
"सर, वाटाणे पेरून ऱ्हायले का भाजून ऱ्हायले?"

मी तिला अक्षांश समजावले.
तिनं शांतपणे ऐकून घेतले, मग म्हणाली,
"अन् भर दुपारी पानी? मुळ्या शिजतीन ना बाप्पा."

त्या उन्हाळ्यात मी काहीही पिकवलं नाही.
तिनं दिलेला जुना माठ गळ्यापर्यंत पुरला,
त्याच्या मर्जीनं पाझरायला मोकळा सोडला,
शेजारी एकच मिरची.
मिरचीवर पऱ्हाट्यांचा मांडव.
सावली छाटणारा माणूस
आता घामाघूम होऊन सावली बांधत होता.
उरलेल्या वाफ्यावर कुटार पसरलं बोटभर जाड.
"काही करू नोका. झोपू द्या तिले," ती म्हणाली,
तिले म्हणजे जमिनीला.
मला रिकामा वाफा बघवत नव्हता,
वैशाखात तर रोज संध्याकाळी जाऊन
कुटार उचलून खाली हात घालून यायचो.
खाली गार होतं. खरंच गार होतं.

पोळा गेला. विचारलं, आता?
"नाई."
दसरा गेला. आता?
"क्यालेंडर नोका पाहू.
राती पाय उघडे पडले अन् पांघरून ओढा वाटलं,
का मंग पेरा."

एका पहाटे तीनच्या सुमाराला
झोपेतच चादर ओढली गळ्यापर्यंत,
आणि ताडकन उठून बसलो.
बॅटरी, पुडी, अनवाणी पाय, अंगणात आलो
तर कुंपणापलीकडे तीही उठलेली,
कालवडीच्या पाठीवर पोतं टाकत होती.
"पडली का?"
"पडली."
एवढंच बोललो आम्ही.
मग मी बोटानं भोकं पाडत बसलो उजाडेपर्यंत.

पौषात डोलमाचा फोन आला.
काल रात्रीच बर्फ पडला, वाफे झाकले गेले,
चैतापर्यंत आता हातांना काम नाही.
बोलता बोलता थांबली. हे काय वाजतंय?
म्हटलं, शेंग. सोलतोय.
जरा वेळ दोन्हीकडे शांतता.
गोड आहेत?
तुझ्यापेक्षा थोडे कमी, मी म्हटलं, आणि ते खरं होतं.
मग तिनं विचारलं, भिंत कुठली धरलीस?

भिंत सोडली, म्हटलं.
उघड्यावर लावलेत,
पंचफुलाबाईच्या तुरीआड.